दोऱ्यात बांधलेली पिसं

११ जानेवारी

धाकट्या,

आधी पाणी पिऊन घे, मग वाच. तुझी ताई आरोपी झाली आहे. चेष्टा नाही. काल हवालदार घरी येऊन कागदावर माझी सही घेऊन गेला. मांडीवर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता, सुईत दोरा होता. तो बिचारा म्हणाला, बाई, हातातलं काज पूर्ण करा, मग सही करा. मी काज पूर्ण केलं आणि सही केली. काज सहीपेक्षा सरळ आलं.

तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते अजून मोडलेलं नाही. हे लिहिणं आहे, बोलणं नाही. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघंही समोरच्याचं ऐकायच्या आत ओरडायला लागतो.

झालं ते असं. मी गच्चीच्या जिन्यावरून घसरले, मनगट मोडलं, आणि मी दवाखान्यात असताना तू तिकडून परस्पर बाबांची कबुतरं गल्लीपलीकडच्या घड्याळवाल्यांना देऊन टाकलीस. कबूतरवाल्यांच्या संघाच्या कागदावर ती तुझ्या नावावर होती. मुलगा म्हणून बाबांनी तुझं नाव घातलं होतं. दाणे मी घालायचे, ढाबळ मी घासायची, आणि नाव तुझं. मी हाताला पट्टी बांधून घरी आले तर गच्चीवर रिकामी ढाबळ. दाण्याचा पत्र्याचा डबा तेवढा कोपऱ्यात राहिला होता. वर तू फोन करून म्हणालास, आता कबुतरांचं निमित्त नाही, आता तरी माझ्याकडे राहायला ये. मी फोन ठेवला तो ठेवलाच.

पण कबुतरांना कुठे कागद वाचता येतो? घड्याळवाल्यांनी मागच्या अंगणात छान ढाबळ बांधली, खोटं कशाला बोलू. तरी सकाळी दार उघडलं की सगळी गल्ली ओलांडून माझ्या गच्चीवर हजर. मी बोलावलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, मी बोलावलं नाही. संध्याकाळी घड्याळवाले खोका घेऊन धापा टाकत तीन जिने चढायचे, एकेकाला पकडायचे आणि न बोलता घेऊन जायचे. मीही काही बोलायची नाही. असं सगळा पावसाळा चाललं.

शेवटी नोव्हेंबरात मी बाबांचा नियम केला. दिलेला पक्षी परत यायला लागला तर त्याच्या पंखांतली लांब पिसं उपटायची. कापायची नाहीत. कापलेलं थोटूक पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत तसंच राहतं, उपटलेल्याच्या जागी महिना-दीड महिन्यात नवं येतं. तेवढे दिवस पक्षी उडत नाही. नव्या घरात बसतो, नव्या हातचं खातो, आणि पुढे पंख आले तरी तिथलाच होतो. उपटलेली पिसं दोऱ्यात बांधून नव्या ढाबळीच्या दाराला लावायची. त्याचा अर्थ, आता पक्षी तुझा, मी परत मागणार नाही. तोंडाने मात्र ते सांगायचं नाही. बोलून दाखवलं की देण्यातली गोडी जाते, असं बाबा म्हणायचे.

तसं मी केलं. सगळ्यांची पिसं उपटली, घड्याळवाले दुकानात गेल्यावर पक्षी त्यांच्या ढाबळीत नेऊन ठेवले, आणि जुडी काज-बटणाच्या लाल दोऱ्याने दाराच्या कडीला बांधून आले. घड्याळवाल्यांना कबुतरांतलं ओ की ठो कळत नाही, ते यंदा पहिल्यांदाच पक्षी पाळताहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांच्या ओळखीतल्या कुणालाही जुडी दिसली की तो महिनाभर दार उघडत नसे. यांनी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दार उघडलं आणि दुकानात गेले. पक्षी अंगणात उतरले. मांजर आलं. दोन गेले, एक लंगडं झालं.

त्यांना वाटतं मी सूड घेतला, आणि वर जुडी बांधून खिजवलं.

तू एवढंच कर. बाबांचा असा नियम होता, हे लिहून पाठव. जमलं तर येऊन सांग. बाबांचे कबूतरवाले मित्र सगळे वर गेले. जाणता म्हणावा असा तूच एक उरलास.

ताई


२४ जानेवारी

धाकट्या,

तुझं काही आलं नाही. टपाल उशिरा येत असेल असं मी माझ्या मनाला सांगते आहे आणि मन ऐकत नाही.

मला वकील मिळाली आहे. तुझ्या लेकीएवढी असेल, पण चुणचुणीत आहे. तिने मला कायदा वाचून दाखवला. दुसऱ्याच्या मालकीचं जनावर कुणी मुद्दाम मारलं, जायबंदी केलं किंवा निकामी केलं, तर तो गुन्हा. तुरुंगसुद्धा होऊ शकतो. कायद्याच्या भाषेत त्याला आगळीक म्हणतात. मला हसूच आलं. आपण भिंतीवर कोळशाने रेघोट्या मारल्या की बाबा हाच शब्द वापरायचे, आठवतं? उभं करून विचारायचे, ही आगळीक कोणाची? आणि तू माझ्याकडे बोट दाखवायचास.

वकीलबाईंनी विचारलं, तुम्ही मुद्दाम केलं का? मी म्हटलं, मुद्दाम नाही तर काय? चुकून कुणी कबुतराची पिसं उपटतं? तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, काकू, कोर्टात असं बोलू नका. तिथे विचारतील की करताना मनात काय होतं. नुकसान व्हावं असं होतं, की आणखी काही. मनातलं मी सांगेन, पण मानणार कोण? आरोपीचं मन आरोपीनेच वाचून दाखवायचं म्हणजे परीक्षेचा पेपर आपला आपणच तपासण्यासारखं. म्हणून तर तू हवा आहेस. ती जुडी आता पोलीस ठाण्यात प्लास्टिकच्या पिशवीत मुद्देमाल म्हणून ठेवली आहे. मला दाखवली. माझी गाठ, माझा दोरा. नाही म्हणायची सोय नाही, आणि म्हणायचंही नाही.

वकीलबाईंनी एक सोपी वाटही सांगितली. "तुमच्या भावाने लिहून द्यावं की पक्षी खरे तुमचेच होते, त्यांना ते द्यायचा हक्क नव्हता. मग ते दुसऱ्याचं जनावर उरत नाही. हे कलमच गळून पडतं."

धाकट्या, हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसले होते. बाबांच्या माघारी, तू सामान बांधलंस तेव्हा, तू गेल्यावर. ताई, पक्षी तुझे आहेत. बस्स, एवढंच. आणि आता कोर्टाच्या निमित्ताने ते फुकटात मिळत होतं. मी वकीलबाईंना नको म्हटलं. तिला वाटलं मी ऐकलंच नाही, म्हणून तिने मोठ्याने परत सांगितलं. मी परत नको म्हटलं.

कारण मी जुडी बांधली. तू दिलेस तेव्हा पक्षी दिलेच गेले नव्हते, नुसता कागद गेला होता. मी जुडी बांधली तेव्हा दिले गेले. आता ते माझे म्हणून सांगितलं तर बांधलेली गाठ खोटी पडते. तेव्हा मालकीचं काही लिहू नकोस. नियमाचं लिही.

काम बरं चाललं आहे. गणवेश सकाळीच आटपतात. मग दुपार पडून असते. पूर्वी दुपारी गच्चीवर जायचे, डोक्यावर पंखांचा आवाज असायचा, तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या घालायला मिळायच्या. आता दिवसभरात जास्तीत जास्त दूधवाल्याशी बोलते, आणि तो उधारीला घाबरून लवकर निघतो. माझी उधारी नाही, पण त्याला सवयच आहे.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. शाळेतून तक्रार आली की बाबाही याहून मोठं लिहायचे.

तू लिहितोस, असला कसला नियम मला माहीत नाही. मीही त्याच घरात वाढलो. बाबांनी कधी पक्ष्याला इजा केली नाही. ताई, तू माझ्यावरचा राग मुक्या जिवांवर काढलास, आता निदान माफी मागून मोकळी हो.

पत्र वाचून मी ते फाडणार होते. मग कात्री हातात घेतली, मग खाली ठेवली आणि भांडी घासली. दोनदा घासली. तिसऱ्यांदा घासायला घेतली तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला.

तुला खरंच माहीत नाही.

तू पाच-सहा वर्षांचा असशील. बाबांनी एका पक्ष्याची पिसं उपटायला घेतली आणि तू गच्चीवर लोळण घेऊन रडलास. रात्री तापही आला. त्यानंतर पक्षी द्यायचा असला की बाबा तुला खाली पाठवायचे. जा, कोपऱ्यावरून बर्फाचा गोळा घेऊन ये. तू नाचत जायचास. पक्षी कोण धरायचं? मी धरायचे. एका हाताने पाय, एका हाताने छाती, आणि बोटांखाली त्याचं काळीज धडधडायचं. मलाही रडू यायचं, पण मी मोठी. बाबा म्हणायचे, तू धर, तुझा हात थरथरत नाही. थरथरत होता. त्यांनी बघितलं नाही, किंवा बघून बोलले नाहीत. तू गोळा चोखत वर यायचास तोवर जुडी बांधून झालेली असायची. तू विचारायचास, तांबड्या दोऱ्यातलं हे काय? बाबा म्हणायचे, फुलांचा गुच्छ.

तर तुझे बाबा पक्ष्यांना कधी इजा न करणारे होते, आणि माझे वेगळे होते. एका घरात, एकाच माणसात दोघे. तू खोटं बोलत नाहीस, हे मी मान्य करते. आणि म्हणूनच तू माझ्या काही कामाचा नाहीस. साक्षीदार म्हणून म्हणते, भाऊ म्हणून नाही.

माफी मात्र मागणार नाही. दोन पक्षी गेले त्याचं मला किती वाईट वाटतं ते तुला सांगून कळायचं नाही. त्यांना मी पिल्लं असल्यापासून पाहिलं होतं. पण सूड घेतला म्हणून माफी मागायची, तर सूड घेतला असं होतं.

आणखी एक. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पूर्वी तुझं प्रत्येक पत्र, प्रत्येक फोन ‘इकडे राहायला ये’वर संपायचा, आणि मला त्याचा राग यायचा. या पत्रात ते कुठे नाही. पाठीमागे बघितलं, तिथेही नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस तरी लिहिते. एकदा सुरू झालं की थांबत नाही. आणि एक गोष्ट मी पहिल्या पत्रात चुकीची लिहिली होती, ती काट्यासारखी सलते आहे.

मी लिहिलं होतं, मी बोलावलं नाही. बोलावलं होतं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन दाण्याचा डबा वाजवायचे. पाच-सहा दाणे टाकून खुळखुळवायचे, जसं पूर्वी वाजवायचे तसं. पक्षी आले की मलाच आश्चर्य वाटल्यासारखं दाखवायचे. कोणाला दाखवायचे, देव जाणे. गच्चीवर दुसरं होतं कोण?

मग नोव्हेंबरात एकदा घड्याळवाले आजारी होते, संध्याकाळी पक्षी न्यायला आले नाहीत. मीच खोक्यात घालून खाली नेले. अंगणाला लागून त्यांच्या घराची खिडकी आहे. आत त्यांची बायको पडून होती. अर्धांग झालं आहे तिला, वाचाही गेली. मी कधी आत डोकावलेच नव्हते. मी खोका उघडला, पक्षी ढाबळीत शिरले, आणि तिने खिडकीतून बघितलं. चेहऱ्याची एकच बाजू हसते तिची. पण ती बाजू अशी हसली, धाकट्या, की मी रिकामा खोका धरून तिथेच उभी राहिले. घड्याळवाले आतून म्हणाले, हिच्यासाठी घेतले होते. दिवसभर खिडकीतून बघायला काहीतरी हवं ना. पण ते दिवसभर तुमच्याकडेच असतात.

दुसऱ्या दिवशी मी डबा वाजवला नाही. तरी पक्षी आलेच. त्यांना धरलं आणि पिसं उपटली. मीच धरलं आणि मीच उपटली, एकटीने, बरा न झालेला हात घेऊन.

आणि मांजर आलं ते त्याच खिडकीसमोर. तिने सगळं पाहिलं. हाक मारता येत नाही, हात उचलता येत नाही. संध्याकाळी घड्याळवाले घरी आले तेव्हा उशी भिजली होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही पोलिसांतच गेले असते. कदाचित आधी माझ्या दारावर लाथ मारली असती.

हे सगळं बोलणं काल कोर्टाच्या आवारात, बाकावर बसून झालं. आतमध्ये तारखेशिवाय काही मिळालं नाही. बाहेर मी घड्याळवाल्यांच्या शेजारी जाऊन बसले. वकीलबाई खाणाखुणा करत होती, बोलू नका, बोलू नका. मी बोलले. बाबांच्या नियमाच्या उलटच केलं, सगळं तोंडाने सांगितलं. डब्याचंही सांगितलं. ते बोटातली अंगठी फिरवत ऐकत होते.

मग म्हणाले, "पिसं आली आहेत आता. मी दार अजून उघडलं नाही, भीती वाटते. रविवारी उघडतो. तुम्ही म्हणता तसा तो नियम असेल तर ते माझ्याकडे राहतील. राहिले तर मी तक्रार मागे घेईन."

मी विचारलं, आणि माझ्याकडे आले तर?

ते म्हणाले, "मग मी काय समजायचं ते तुम्हीच सांगा."

तर असं आहे. परत आले तर पक्षी मिळतील आणि मी खोटी ठरेन. नाही आले तर खरी ठरेन. लोकांना देवापाशी काय मागायचं ते तरी कळतं. मला तेही कळेना.

ताई


२ मार्च

धाकट्या,

रविवारी सकाळी मी गच्चीवर गेले. जायला नको होतं, वकीलबाईंनी बजावलं होतं. पण घरात बसून ऐकणं त्याहून अवघड. डबा बरोबर नेला. का नेला ते विचारू नकोस. तो मांडीवर ठेवला आणि झाकणावर दोन्ही हात दाबून धरले, चुकूनही वाजायला नको.

खाली घड्याळवाल्यांनी दार उघडलं. आधी काहीच झालं नाही. मग एकदम फडफड झाली आणि सगळे वर आले. नव्या पिसांनी जड उडत होते, पण उडत होते. लंगडं मागे होतं, तेही उडत होतं. गल्लीवर एक गिरकी, मग माझ्या गच्चीवर गिरकी. सावल्या माझ्या अंगावरून गेल्या. दुसरी गिरकी खाली आली, इतकी खाली की वाऱ्याने माझा पदर हलला. माझी बोटं झाकणावर शिवशिवत होती. एक खुळखुळ, धाकट्या. एवढंच पुरलं असतं.

एक मादी उतरली. राखाडी, मानेवर हिरवी झाक असलेली, तीच जी बाबांच्या शेवटच्या वर्षी अंड्यातून निघाली होती. कठड्यावर बसली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. मी श्वास धरून बसले. हातही हलवला नाही, हुशही केलं नाही. ती कठड्यावर चार पावलं चालली. थांबली. मी मनात म्हणत होते, जा. आणि त्याच मनात म्हणत होते, नको जाऊस. कुठलं जास्त जोरात म्हणत होते ते कोर्टात विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

ती गेली. सरळ खाली, त्यांच्या ढाबळीवर. बाकीचे आधीच तिथे उतरले होते.

खालून घड्याळवाल्यांनी मान वर करून हात जोडले. मीही जोडले. मग डबा मांडीवरून पडला आणि सगळे दाणे गच्चीभर झाले. आता कोणी आलं नाही. चिमण्यासुद्धा नाहीत.

ताई


९ मार्च

धाकट्या,

तक्रार मागे घेतली. न्यायाधीशांनी परवानगी दिली, मला दोनच प्रश्न विचारले आणि जा म्हणाले. वकीलबाईंना इतका आनंद झाला की तिने मला मिठी मारली. जुडी परत मिळते, म्हणाली, अर्ज करावा लागेल. मी म्हटलं, ज्यांच्या दाराला बांधली होती त्यांना द्या.

येताना डबा घड्याळवाल्यांना देऊन आले. कसा वाजवायचा ते दाखवलं. दाणे कमी घालायचे, नाहीतर आवाज बसतो. त्यांनी खिडकीपाशी वाजवून बघितला. तुझ्यासारखंच, हात घट्ट धरतात. येईल हळूहळू. त्यांच्या बायकोची अर्धी बाजू हसली. बसा, म्हणाले. मी म्हटलं, गणवेश पडले आहेत. गणवेश पडले नव्हते.

आज सकाळी मी अंथरुणातच होते. खाली डबा वाजला. बरोबर वाजला, अगदी तसाच. मी उठले, पायात चपला सरकवल्या, जिन्याची कडी काढली, आणि दोन पायऱ्या चढल्यावर लक्षात आलं की तो मला नाही.

बाबा म्हणायचे तोंडाने बोलू नये, गोडी जाते. जाऊ दे गोडी. मला आता बोलायला माणूस नाही, उडवायला पक्षी नाहीत, आणि तुझ्याकडे न येण्याचं निमित्तही उरलं नाही. तू बोलवायचास तेव्हा मी आले नाही. आता बोलवत नाहीस, म्हणून मीच विचारते.

येऊ का?

ताई